दिव्याखाली ठेवायचे पैसे

“थंड पाणी लाव. बर्फ नको, नुसतं पाणी,” असं कुणीतरी म्हणालं, आणि रुपालीचं कपाळ तळहाताखाली दाबून बसलेली वसुधा मान वर न करताच “हो” म्हणून मोकळी झाली. मोरीकडे जायला म्हणून ती अर्धवट उठलीसुद्धा, आणि मग तशीच, एक गुडघा गालिच्यावर टेकलेला, थांबली. मोरी कुठली इथे? ही अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनो हॉटेलची नवव्या मजल्यावरची खोली होती. खिडकीबाहेर फेब्रुवारीचा राखेच्या रंगाचा समुद्र होता. तिचा नवरा नरेंद्र सकाळी आठलाच छातीवर नावाची पट्टी लावून खाली पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांच्या अधिवेशनाला गेला होता. या सबंध मजल्यावर तिला अगंतुगं करून पाणी लावायला सांगणारं कुणी असायचं कारण नव्हतं. तिची लेक रुपाली टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती आणि ओठ काढून रडत होती. दारात चादरींनी लादलेली ढकलगाडी उभी होती आणि गाडीच्या मागे फिकट तपकिरी गणवेशातली साठीची एक बाई. केस घट्ट अंबाड्यात, कपाळ मोकळं, पायात जाड मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. छातीवरच्या बिल्ल्यावर इंग्रजीत सरला लिहिलेलं. “बघतेस काय? टेंगूळ येईल ना पोरीला,” ती म्हणाली, आणि स्वतःच आत येऊन, न्हाणीघरातला छोटा टॉवेल भिजवून, पिळून, तिने तो रुपालीच्या कपाळावर ठेवला. रुपाली गप्प झाली. वसुधाच्या आत मात्र काहीतरी सुरू झालं.

तिला वाटलं, इथे आल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत आपल्याला असं कुणी काही करायला सांगितलंच नाही. जर्सी सिटीच्या एकविसाव्या मजल्यावर नरेंद्र विचारायचा. “तुला काय वाटतं, डॉक्टरला फोन करायचा का?” डॉक्टरही विचारायचे, तुम्ही काय ठरवलंय. शनिवारी जेवायला जमणाऱ्या मैत्रिणी सुचवायच्या. सगळे विचारायचे आणि सुचवायचे, आणि मग तिच्याकडे बघत राहायचे, जणू आई होणं म्हणजे एक फॉर्म आहे आणि तिने तो लवकर भरून द्यावा. पाणी लाव, असं साधं, धड रागाचं नाही धड लाडाचं नाही, पाठीवर हलकी चापट मारल्यासारखं वाक्य तिच्या वाट्याला किती दिवसांत आलं नव्हतं. रुपालीच्या वेळी आई यायची होती. तिकिटाची तारीखसुद्धा ठरली होती, साताऱ्याहून डिंकाचे लाडू कसे आणायचे यावर दोन पत्रं झाली होती. आणि मग बाबांची डावी बाजू गेली, आई त्यांच्या पलंगाशी बांधली गेली ती आजतागायत. फोनवर ती तीन मिनिटांत सगळं कोंबायची. “तेल लावतेस ना? टाळू भरतेस ना? पाय ओढतेस ना तिचे?” वसुधा हो म्हणायची. लावत होती, भरत होती, ओढत होती, पण पुस्तकात वाचून पोहावं तसं.

“मराठी कसं ओळखलंत?” तिने विचारलं.

“मघाशी तू ओरडलीस ना, अगं बाई गं, म्हणून. तसं कोण दुसरं ओरडणार?” ती बाई म्हणाली. “कुठली तू?”

“साताऱ्याची. म्हणजे माहेर. आता जर्सी सिटी.”

“आम्ही बडोद्याचे. तीन पिढ्या. मराठी आमचं तसं बिघडलेलंच, हां.”

आणि मग वसुधा वाकली. तिने ठरवलं नव्हतं. वयाने मोठी मराठी बाई पहिल्यांदा भेटली की कंबर आपोआप वाकते, ते डोक्याला विचारून होत नाही. बोटांना कॅनव्हासचा खरखरीतपणा लागला, नाकात फरशी पुसायच्या द्रवाचा लिंबासारखा उग्र वास गेला. डोक्यावरून एक हात फिरला. “असू दे, असू दे. सुखी राहा.” ती उठत होती तेव्हाच तिला ते दिसलं. पलंगाशेजारच्या दिव्याखाली, पितळी बैठकीच्या कडेशी, अर्ध्यात दुमडलेल्या एकेक डॉलरच्या दोन नोटा. सकाळी नरेंद्रने ठेवलेल्या.

आता ह्या नोटांची हकिकत अशी, की त्यामागे पद्मिनीवहिनी होत्या. वहिनी नरेंद्रच्या साहेबांच्या बायको. देश सोडून वीस वर्षं झालेली, नव्याने आलेल्यांना सुधारायची त्यांना मनापासून हौस. निघायच्या आधीच्या शनिवारी जेवणं झाल्यावर त्यांनी बडीशेपेबरोबर, टीप कुणाला किती द्यायची याची शिकवणीच दिली होती. गाडी आणून देतो त्याला एक डॉलर. बॅग वर आणतो त्याला बॅगेमागे एक. वेटरला शेकडा पंधरा, आणि बिलावरच्या टॅक्सची दुप्पट-तिप्पट करत टेबलावर हिशोब मांडून बसायचं नाही, शोभत नाही. खोली साफ करणारीला रोज दोन, आणि ते तिच्या हातात द्यायचे नाहीत, दिव्याखाली ठेवायचे, रोजच्या रोज, कारण आज येणारी उद्या येईलच असं नाही. “आपले लोक काय करतात, गोड हसतात, थँक्यू थँक्यू करतात, नमस्कार करतात,” वहिनी म्हणाल्या होत्या. “इथे हात जोडून कुणाचं पोट भरत नाही गं. हात खिशात जायला लागतो.” सगळे हसले. नरेंद्रने सोमवारी बँकेतून एकेकच्या नोटांची चळत आणली आणि शर्टाच्या खिशात घातली. हॉटेलात शिरल्यापासून तो खिसा चाचपत चालत होता, लग्नातल्या यजमानासारखा, कुणाला द्यायचं राहिलं तर कायमचा बोल लागेल अशा धास्तीत.

वसुधाला वहिनींचं सगळं पटलं होतं. पण कंबर सरळ होताना तिला दिसलं ते एवढंच, की जिच्या पायांना आत्ता हात लावला तिच्यासाठी आपण दिव्याखाली पैसे ठेवलेत. तिचे कान तापले. पैसा कुठल्या दिशेने जातो हे साताऱ्याच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं, ते भाताबरोबर पोटात गेलं होतं. तो मोठ्यांकडून धाकट्यांकडे जातो. पाहुणे निघाले की मुलांच्या मुठीत नोट, खाऊला म्हणून. भांडीवाल्या सोनाबाईला दिवाळीत पोस्त, पण तेसुद्धा तबकातून, साडी आणि फराळाबरोबर, पैसा एकटा उघडा दिसू नये म्हणून आईची धडपड. बी.एस्सी. झाल्यावर वसुधाला शाळेत नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगाराच्या तोऱ्यात तिने स्टँडवर पोचवायला गेलेल्या धाकट्या मावशीपुढे रिक्षासाठी दहाची नोट धरली होती. मावशीने ती नोट नुसती पाहिली. घेतली नाही, बोलली नाही, आणि पुढे वर्षभर पत्रात वसुधाचं नाव घालायची राहिली. त्या नोटेवरची मावशीची नजर तिच्या अंगावर अजून कुठेतरी चिकटलेली होती. म्हणून तिने, रुपालीची बाटली उचलायचं निमित्त करून, दिव्याखालच्या दोन नोटा मुठीत घेतल्या आणि स्वेटरच्या खिशात सोडल्या. सरलामावशींची, गाडीवाल्या बाईंना ती मनात आता हेच म्हणत होती, तिच्याकडे पाठ होती. त्या पलंगाकडे बघत होत्या.

“हा पलंग कुणी आवरला?”

“मीच,” वसुधा म्हणाली. “म्हटलं, तुम्हाला कशाला.”

“बरं केलंस,” मावशी म्हणाल्या, आणि वसुधाने नीट ताणलेली चादर त्यांनी सर्रकन ओढून काढली. “आता नवी घालायला लागेल ना. घालू लाग मला, धर टोक.”

दोघींनी मिळून चादर घातली. पांढरी चादर हवेत फुगली, तिच्याखाली रुपाली शिरली, खिदळली. कोपरा कसा दुमडायचा ते मावशींनी दाखवलं आणि वसुधाचा चुकला तेव्हा “छे, छे, असं नाही,” म्हणून तिच्या हातावर हात ठेवून परत घातला. तो हात खरखरीत होता, पाण्याने आणि साबणाने पांढरा पडलेला, आणि वसुधाला वाटलं की कोपरा आणखी एकदा चुकावा. जाता जाता मावशींनी रुपालीला आडवं घेतलं, दोन्ही पाय धरून उलटसुलट ओढले, पोटऱ्या रगडल्या, पाचच मिनिटं. “पाय वाकडे नाहीत हिचे. उगीच घाबरतेस.” वसुधाने, आपण घाबरतो हे कुणाला सांगितलंच नव्हतं. गाडी ढकलत मावशी शेजारच्या खोलीकडे गेल्या, आणि ती बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. “आजी गेली,” ती रुपालीला म्हणाली. तो शब्द या देशात तिने पहिल्यांदाच, समोरच्या कुणा माणसाबद्दल वापरला होता.

ती दुपार तिने बोर्डवॉकवर, समुद्राकाठच्या त्या लांबलचक लाकडी रस्त्यावर काढली. बाबागाडीची चाकं फळ्यांवरून खडखडत होती. वारा असा की डोळ्यांतून पाणी. खाली कॅसिनोत लहान मुलांना मज्जाव होता. लिफ्टमधून उतरलं की लाल गालिच्यावरून न थांबता बाहेर पडायचं, आणि तरी कडेच्या रखवालदाराने रुपालीकडे बोट करून “कीप मूव्हिंग, मॅडम” म्हटलंच होतं. बसेस भरभरून म्हातारी माणसं येत होती, हातात नाण्यांचे प्लॅस्टिकचे पेले, आणि संध्याकाळी त्याच बसने परत जाणार होती. वसुधा त्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिली. प्रत्येकीत तिला आई किती मावेल हे ती मापून बघत होती. ही जरा बुटकी. हिची चाल तशी, पण हिने ओठ रंगवलेत. आई या वाऱ्यात कशी चालली असती? कानाला मफलर, साडीवर नरेंद्रचा ओव्हरकोट, आणि समुद्राला हात जोडून म्हणाली असती की हा काय समुद्र, याला रंगच नाही. आईने आता काय केलं असेल, सव्वाबारा झाले असतील तिकडे रात्रीचे, बाबांना कूस बदलून दिली असेल. आणि मध्येच, या सगळ्याला छेद देत, टेंगळावरचा ओला टॉवेल आणि “छे, छे, असं नाही.” कुणी चूक काढावी याचं इतकं सुख असतं हे तिला ठाऊक नव्हतं. खिशातल्या दोन नोटा बोटांना लागत होत्या, पण सुख मोठं होतं, नोटा लहान होत्या.

संध्याकाळी नरेंद्र पाय पसरून म्हणाला, “दिव्याखालचे गेलेले दिसतात.”

“हो,” वसुधा म्हणाली.

खोटं बोलल्याचं तिला वाटलंसुद्धा नाही. सांगायला हवं होतं, की इथे एक बडोद्याच्या मावशी आहेत, आपल्या. पण नरेंद्र लगेच खाली त्यांना शोधायला निघाला असता, मुलगा काय करतो, कुठे राहता, आमच्याकडे या एकदा. आणि उद्या सकाळचं ते तिघींचं सगळ्यांचं झालं असतं. तिला ते आणखी एक दिवस कुणाला न दाखवता ठेवायचं होतं, फ्रॉकच्या खिशात चिंच ठेवावी तसं.

दुसऱ्या दिवशी नरेंद्र गेल्या गेल्या तिने दिव्याखालच्या नोटा स्वतःच उचलल्या. काल हात आपोआप गेला होता. आज तिने तो पाठवला. मग रुपालीला न्हाऊमाखू घातलं, बॅगेतून पाणी उकळायची विजेची कांडी काढली, हॉटेलच्या काचेच्या जगमध्ये चहा केला, रुमालावर चार बेसनाचे लाडू मांडले आणि गाडीच्या चाकांची वाट बघत बसली. पलंग तिने आज आवरला नव्हता. मुद्दाम. दोघींनी चादर घालायची म्हणून. मावशी आल्या त्या साडेदहा वाजता, जरा धापा टाकत. “आज अठरा खोल्या. एक पोरगी आलीच नाही कामाला.” चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, पण घोट घेतल्यावर डोळे मिटले, ते वसुधाने पाहिलं. “आलं कुठून आणलंस?”

“सुंठ आहे.”

“शहाणी आहेस.”

मग उशांचे अभ्रे बदलता बदलता त्या बोलल्या. यजमान गेल्यावर दिगंबरने, मुलाने, बोलावून घेतलं. दिगंबर इथल्याच एका कॅसिनोत डीलर होता, टेबलावर पत्ते वाटायचा. टेबल सोडताना त्याला दोन्ही हात टाळी वाजवून, उलटसुलट करून वर कॅमेऱ्याला दाखवायला लागतात, की हातात काही नाही. “घरी जेवून उठला तरी तसंच करतो कधी कधी. सून हसते. मला नाही हसू येत.” सून चांगली आहे, घर चांगलं आहे, पण चार भिंतींत जीव गुदमरला म्हणून हे काम धरलं. पगाराचा चेक घरात जातो, ते बरोबरच आहे, त्यांनी एवढं पोसलंय. “हे वरचे मात्र माझे,” त्या म्हणाल्या. “कुणी दोन ठेवतं, कुणी एक, कुणी पाचसुद्धा. त्यावर कुणाचं नाव नाही. सीमाला मे महिन्यात दिवस भरतील. माझी मुलगी, बडोद्यालाच दिलीय. पहिलं गेलं तिचं, सातव्यात. मी इथे होते तेव्हा. आता मी म्हटलंय, एप्रिलच्या शेवटी मी तिथे असणार, काय वाट्टेल ते होवो. दिगंबर म्हणतो, पैसे पाठवू ना आई, बाई ठेवू तिच्याजवळ, तू कशाला दगदग करतेस. आता त्याला काय सांगायचं? तिला बाई पाहिजे का आई पाहिजे?” उशी अभ्र्यात शिरत नव्हती म्हणून त्यांनी ती हनुवटीखाली धरली होती, त्यामुळे शब्द दबून येत होते. “तिकिटाचं अर्ध्याच्या वर झालंय. मार्च निघाला पाहिजे बरा.”

वसुधाचा हात स्वेटरच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. चार नोटा होत्या. बोटांनी त्या ओळखल्या, घडी उलगडली, पुन्हा घातली. आत्ता काढाव्यात. पण कशा? चहाचा पेला परत घेताना, लाडू बांधून देताना, की काल पाया पडले ते विसरून जा म्हणत? काढल्या की ह्या खोलीत एक नोकरबाई आणि एक गिऱ्हाईक उरणार होतं. मावशी ‘धर टोक’ म्हणायच्या थांबणार होत्या. तिच्या मनात आलं, उद्या ठेवू. उद्या निघताना सगळे ठेवू, दिव्याखाली, आपण खोलीबाहेर पडल्यावर, म्हणजे आपल्याला बघायला लागणार नाही. हा विचार इतका सोयीचा होता की तिला जराशी लाजही वाटली, पण तेवढ्यात मावशींनी रुपालीला गुडघ्यावर पालथी घेतली आणि पाठीवरून अंगठे फिरवायला लागल्या, आणि लाज कुठल्या कुठे गेली. त्या अंगठ्यांकडे बघताना तिला सातव्या महिन्यातली सीमा दिसत नव्हती. स्वतःचीच पाठ दिसत होती, रिकामी, जर्सी सिटीच्या हॉस्पिटलात, पाठीला कळ येत असताना एक परकी नर्स फार प्रेमाने विचारत होती, व्हॉट डू यू नीड, हनी, आणि तिला उत्तराचं इंग्रजी सापडत नव्हतं.

गुरुवारी अकरापर्यंत खोली सोडायची होती. नरेंद्र शेवटचं भाषण ऐकून दहा-सव्वादहापर्यंत येणार होता. बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. दिव्याखाली त्याने आजचे दोन ठेवले होते आणि वसुधाने त्यांना हात लावला नव्हता. कालचे-परवाचे चार त्याखाली सरकवायचे होते, पण आताच नको, अगदी शेवटी. तेवढ्यात दारावर टकटक झाली. “हाउसकीपिंग.” मावशी आज लवकर आल्या होत्या. त्यांनी रुपालीच्या गालाला हात लावला, गाडी दारात आडवी लावली, आणि थेट अभ्रे काढायला लागल्या. वसुधा दुसऱ्या बाजूने चादरीचं टोक धरायला गेली.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “बस तू.” मग थोड्या वेळाने, अभ्रा झटकत, “एक सांगू? राग मानणार नाहीस?”

“नाही. सांगा ना.”

“आपले लोक खोलीत आहेत असं कळलं ना, की मला धडकी भरते.”

“का हो?”

“पाया पडतात.”

वसुधाला हसू आलं, पण मावशी हसत नव्हत्या. “गेल्या दिवाळीच्या सुमाराला एक डॉक्टर आले होते, तिकडे टेक्सासमध्ये शुगर लँड का काय आहे, तिथले. चार दिवस होते. त्यांच्या मिसेस मला रोज आई म्हणायच्या. बसा ना आई, खा ना आई. जाताना मिठी मारून रडल्या. खरंच रडल्या हां, खोटं नाही म्हणत मी. आणि गेल्यावर बघते तर टेबल रिकामं. हे गोरे लोक माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. मी पडद्यासारखी असते त्यांना. पण जाताना ठेवून जातात.” त्यांनी चादर गोळा करून पोटाशी धरली. “तू उचललेस. परवाही बघितलं मी, आरशात, आणि काल तर मी येण्याआधीच उचलले होतेस. तुझा नवरा ठेवून जातो, भला माणूस दिसतो.”

“मावशी, मला वाटलं,” वसुधा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला लहान मुलीचा वाटला, “तुम्हाला पैसे द्यायचे म्हणजे अपमान होईल तुमचा. नमस्कार केला आणि मग...”

“अपमान कसला? रोज चौदा संडास धुते मी.” हे त्या अगदी सहज म्हणाल्या, भाव सांगावा तसं. “तू काल सगळं ऐकलंस ना? सीमाचं?”

“हो.”

“मग?”

त्या मग-ला उत्तर होतं. ते साडेतीन वर्षांचं होतं, सांगायला घेतलं असतं तर अकरा वाजून गेले असते. वसुधा खुर्चीच्या काठावर बसली. मावशींनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

“तुला आई पाहिजे,” त्या म्हणाल्या. “मला पहिल्या दिवशीच कळलं. मी काय दगड आहे? पण बेटा, मी सीमाची आहे.”

बाहेर समुद्रावर एक पक्षी एकाच जागी पंख मारत वाऱ्याविरुद्ध टांगल्यासारखा होता. वसुधाला वाटलं तो आता पडेल, आणि तो पडला नाही. सीमाची. ती कोण, कशी दिसते, केस लांब आहेत का, कुठल्या खिडकीत बसून वाट बघते, काही माहीत नव्हतं, आणि तरी तिच्या वाटेवरून तीन सकाळी आपण तिच्या आईला पदराला धरून मागे ओढत होतो. प्रेमाने ओढत होतो, तेवढंच. तिच्या आईचे अंगठे, तिच्या आईची चहाची वेळ, तिच्या आईचं छे छे असं नाही. स्वतःची आई बाबांच्या पलंगाशी बांधली गेली, तेव्हा वसुधाने देवाला, बाबांना, सगळ्यांना मनातल्या मनात बोल लावला होता, की माझी आई कुणी अडवली. ती उठली. खिशातल्या चार नोटा काढल्या, दिव्याखालच्या दोन उचलल्या, आणि पर्समधली, नरेंद्रने काल ‘तूही नशीब आजमाव’ म्हणून दिलेली वीसची नोट काढली. वहिनींनी सांगितलं होतं हातात द्यायचे नाहीत. तिने हातात दिले. देताना तिला साताऱ्याच्या धाकट्या मावशीची ती दहाच्या नोटेवरची नजर आठवली आणि तिने डोळे खाली घातले.

“वीस?” सरलामावशी म्हणाल्या. “बरं.” त्यांनी नोटा न मोजता एप्रनच्या आतल्या खिशात घातल्या, वरून एकदा चाचपलं, आणि म्हणाल्या, “थँक्यू.” तो थँक्यू सगळ्यांना म्हणायचा असतो तोच होता, गुळगुळीत, ओळीतल्या कुठल्याही खोलीत चालणारा. मग त्यांनी पलंग केला. एकटीने. वसुधा रुपालीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि तिने तो करू दिला. तिला आजवर एवढं कठीण काही वाटलं नव्हतं, वयाने मोठी बाई वाकून आपला पलंग करतेय आणि आपण बसलोय. हात चादरीकडे धावत होते, ते तिने रुपालीच्या पोटावर एकात एक गुंतवून ठेवले. न्हाणीघरात पाणी वाजलं, थांबलं. मावशी बाहेर आल्या, टॉवेल मोजून ठेवले. रुपालीने हात पसरले तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट हलवून बाय केलं, उचललं मात्र नाही.

“सीमाला माझा...” वसुधा म्हणाली, आणि काय सांगायचं ते तिला सुचेना. आशीर्वाद द्यायचं तिचं वय नव्हतं, आणि ओळख नव्हती. “सीमाचं सगळं नीट होईल,” ती म्हणाली.

“होऊ दे,” मावशी म्हणाल्या. “तेल गरम करून लावत जा हिला. थंड लावतेस तू.” आणि दार ओढून घेतलं.

नरेंद्र आला तेव्हा वसुधा पलंगाच्या उशालगतच्या भिंतीशी उभी होती, रुपाली कडेवर, कान भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाला लावलेला. “काय करतेस?” त्याने विचारलं. तिने बोटाने थांब म्हटलं. पलीकडच्या खोलीत पलंग सरकल्याचा आवाज आला, मग उशी आपटल्याचा, आणि मग, कुणीच ऐकत नाही अशा समजुतीने स्वतःशीच बोलावं तसं, “कसे झोपतात कोण जाणे. एक उशी पायाशी, एक खाली. चहा सांडलाय बघ सगळा.” वसुधा ऐकत राहिली. तिच्याशी बोललेलं त्यात काही नव्हतं.

“अगं, गाडी खाली आणून उभी केलीय त्याने. एक डॉलर देऊन झालाय. आता तो मिनिटं मोजत असेल,” नरेंद्र म्हणाला. “राहिलं का काही?”

“नाही.”

“मग चल ना.”

“एक मिनिट,” ती म्हणाली. भिंतीपलीकडे पाणी सुरू झालं, बंद झालं, दार लागलं. चाकं गालिच्यावरून सरकली. मग मावशी आणखी एक खोली पुढे गेल्या, आणि तिथूनही आवाज येत होता, पण तो मराठी आहे की नाही हे आता काही केल्या कळत नव्हतं.